झाकणाला ठोकलेला खुंट

जुन्या शिडाच्या बोटीच्या पुढच्या कप्प्यात बाई गुडघे पोटाशी घेऊन, काखेत टॉर्च धरून बसल्या होत्या. वर नवऱ्याचं ड्रिल, खाली बाईंचा पाना. दोर बांधायचा नवा खुंट डेकवर बसवायचा, तर वरून बोल्ट घालायला एक माणूस लागतं आणि खालून नट आवळायला दुसरं. खालचं माणूस कोण, हे या घरात लग्नातच ठरलं होतं.

"अगं, घट्ट आवळ. हा फटी बुजवायचा मसाला तासाभरात दगड होतो."

"आवळलं. मनगट निखळायची वेळ आली. आता कप्प्याचं झाकण उघडा, जीव घुसमटतोय."

वर टराटरा कागद फाडल्याचा आवाज आला, मग ड्रिल खाली ठेवल्याचा.

"अहो?"

"जरा थांब," नवरा म्हणाला. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

झालं होतं असं. रंगाला ओरखडा नको म्हणून त्यानं झाकण लावून सगळीकडे वर्तमानपत्रं चिकटवली, कागदावरच मापं घेतली आणि भोकं पाडली. कागद काढले तेव्हा कळलं, दोन बोल्ट डेकमध्ये गेलेत आणि दोन झाकणात; झाकण डेकलाच जखडलंय. कप्प्याला दुसरी वाट नव्हती.

नवऱ्यानं बायकोला कोंडल्याचं बाईंनी ऐकलं होतं; पण बायकोनं आतून स्वतःच नट आवळून घ्यावेत, हे कुठं ऐकलं नव्हतं.

"वरून फिरवून बघा ना."

"बोल्टची डोकी गुळगुळीत आहेत, पाना धरतच नाही. धाकटा आलाय करवत घेऊन. डेक कापतो."

"वहिनी, डोकं खाली घ्या हं," दीर म्हणाला, जणू केस कापायला बसला होता.

"सासऱ्यांनी एकेक फळी घासून बसवलेलं डेक आहे ते. करवत लावलीत तर मी वर यायचीच नाही, सांगून ठेवते."

एवढं बोलल्यावर बाईंची नजर हातातल्या पान्यावर गेली. आपल्याच अकलेचा त्यांना धक्का बसला. निमूटपणे चारही नट काढले आणि झाकणाला खांदा लावला. झाकण ढिम्म. मसाल्याचा दगड झाला की काय? बाईंनी दुसरा खांदा लावला.

वरून दिराचा आवाज आला, "दादा, जरा सरक. मलाही टेकू दे."

"तुम्ही बसलायत कुठं?" बाईंनी विचारलं.

"झाकणावर. विचार करतोय."

"उठा. दोघंही."

दोघं उठले. झाकण खुंटासकट वर आलं आणि मागोमाग बाई. नवरा वाकून झाकणाची खालची बाजू बघू लागला.

"अगं, पण नट काढले कुणी?"

बाईंनी पाना त्याच्या हातात ठेवला. "आत तुमची दुसरी बायको आहे. जरा समजूतदार आहे ती."