डाव्या कानामागचे भाऊ

भाऊ मयेकरांनी पहिल्याच भेटीत माझ्या कानाचं कौतुक केलं. शेजारच्या आक्काचा धाकटा भाऊ दिल्लीहून कायमचा राहायला आलाय, एवढं मला कळलं होतं. दार उघडलं तर सत्तरीला टेकलेला एक सडपातळ गृहस्थ विरजण मागायला रिकामी वाटी घेऊन उभा. माझ्या तोंडाकडे न बघता ते जरा बाजूला सरकले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "बाई, तुमचा डावा कान थेट एका अंतराळवीराचा आहे."

माझी सगळी नोकरी शाळेत पोरांचे कान धरण्यात गेली. माझ्या कानाकडे कुणी बघेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. विरजण द्यायचं विसरून मी आत जाऊन आरशात पाहिलं. मला काही अंतराळ वगैरे दिसलं नाही.

भाऊ दिल्लीत सरकारी दुभाषी होते, रशियन भाषेचे. तिकडून कुणी बडी असामी आली की तिच्या खुर्चीच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे, भाऊंचं स्टूल. समोरचा काय बोलतोय ते तिच्या कानात हळू आवाजात सांगत राहायचं. त्यामुळे झालं असं, की जगातल्या थोरामोठ्यांना आपण चेहऱ्यानं ओळखतो आणि भाऊ कानानं ओळखतात. टीव्हीवर कुणी पुढारी भाषण ठोकत असला की आम्ही भाषण ऐकतो. भाऊ त्यानं मान वळवायची वाट बघत बसतात. मग म्हणतात, "कानावर केस वाढलेत. झोप होत नाही याची." एक जगज्जेता बुद्धिबळपटू म्हणे हरायला लागला की त्याच्या कानाची पाळी आधी लाल व्हायची. एका नामांकित नर्तिकेची पाळी जड डुलांनी ओघळून आमच्या आक्कासारखी झाली होती. या हिशेबानं रत्नागिरीच्या बाजारातही भाऊ लोकांना कानावरून हाका मारतात, आणि थंडीच्या दिवसांत कानटोप्या निघाल्या की त्यांना कुणीच ओळखू येत नाही.

ती माणसं बोलली काय, हे मात्र विचारायचं नाही. "ते शब्द माझे नव्हते, बाई. घरी कसे आणणार?" बस्स, विषय संपला. माझा जीव अशानं वरखाली होतो. माणूस एका पंतप्रधानाच्या कानाला लागून तीन दिवस बसतो आणि आपल्याला सांगतो काय, तर त्या कानामागे साबण राहिला होता! त्यांच्याकडे फोटोंचा जाडजूड आल्बम आहे. प्रत्येक फोटोत दोन मोठी माणसं हस्तांदोलन करताहेत आणि कडेला एक कोपर आहे. "हा मी," भाऊ कोपरावर बोट ठेवून सांगतात. एका फोटोत त्यांचं अर्धं नाक आलंय. तो त्यांनी पहिल्या पानावर लावलाय.

आणखी एक. भाऊ कुठल्याही जेवणाला जेवून जातात. लग्न असो, पूजा असो, घरी चार घास खाऊनच निघणार आणि तिथे पानावर नुसते बसणार. सरकारी मेजवान्यांची ही सवय. सोळा पदार्थ समोरून जायचे, पण दुभाष्याचं तोंड दुसऱ्याच्या कामाला लावलेलं. "मग तुम्हाला कुणी विचारायचं नाही, जेवलात का म्हणून?" मी एकदा म्हटलं. भाऊ हसले. "विचारलं असतं तरी मला वाटलं असतं, हा प्रश्न समोरच्याला आहे. मी तो पुढे सांगून टाकला असता."

हे खरंच त्यांच्या अंगात मुरलंय. दुभाष्यानं 'हे असं म्हणतात' म्हणायचं नसतं, ज्याचं बोलणं तोच होऊन 'मी' म्हणून बोलायचं, आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही. एकदा मासळीबाजारात पुण्याच्या एक पाहुण्या बाई आणि आमची कोळीण यांची जुंपली. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत नव्हतं. भाऊ आपसूक मधे, अर्धं पाऊल मागे जाऊन उभे राहिले. कोळीण म्हणाली, "मेले, मी काय चोरून हाडलंय काय म्हावरं?" भाऊ शांतपणे पुणेरी बाईंना म्हणाले, "ही मासळी मी चोरून आणलेली नाही, असं माझं म्हणणं आहे." पाहुण्या बाई चार पावलं मागे सरल्या आणि मुकाट्यानं सरंगा घेऊन गेल्या.

आता आक्का. भाऊ चार वर्षांचे असताना आई गेली. आक्का तेव्हा सोळा वर्षांची. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन दारोदार फिरून तिनं या पोराला शिकवलं, रशियाला शिकायला जाण्यापर्यंत पोचवलं, आणि मग वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्वतःचं लग्न केलं. आज ती ऐंशीच्या पुढे आहे. नवरा गेला. एकुलता मुलगा परशुराम जहाजावर असतो. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा कान पुरता गेला, तेव्हा भाऊ दिल्लीतलं घर आवरून इथे आले. डाव्या कानासाठी यंत्र आणलं होतं. "त्यात वारा बोंबलतो," असं म्हणून आक्कानं ते तांदळाच्या डब्यात टाकलं. सर्दायला नको म्हणून!

तेव्हापासून आक्काच्या खुर्चीच्या डावीकडे, अर्धं पाऊल मागे, भाऊंचं स्टूल असतं. दूधवाला, भटजी, मी, सगळे आक्काशी भाऊंच्या तोंडून बोलतो.

गेल्या श्रावणात भाऊ दवाखान्यातून परत आले आणि आक्काला घरी सोडून माझ्याकडे येऊन बसले. मग म्हणाले, "डावाही उतरत चाललाय. डॉक्टर म्हणतात, वर्ष निघेल, फार तर." मी चहा ठेवला. कप तसाच ठेवून भाऊ म्हणाले, "बाई, मला आक्काला एक गोष्ट सांगायची आहे. माझी स्वतःची. पन्नास वर्षं राहिलीय. तिला ऐकू येतंय तोवर सांगायला हवी. रोज स्टुलावर बसतो, तोंड उघडतो आणि दूधवाल्याचं काहीतरी बोलून उठतो." मग फार संकोचानं त्यांनी विचारलं, "तुम्ही बोलाल का माझ्या वतीनं?"

"मुळीच नाही," मी शाळेतल्या आवाजात म्हटलं. "आपला धडा आपण म्हणायचा." नंतर मला त्या आवाजाची लाज वाटली.

परशुरामचा व्हिडिओ फोन आठवड्यातून एकदा येतो, तो आमच्या पडवीत. त्यांच्या घरात रेंज येत नाही. आक्का खुर्चीत, भाऊ स्टुलावर, आणि मोबाइल माझ्या हातात. आक्का त्यात बघत नाही. "त्या काचंत माझा पोर बुटका दिसतो," म्हणते आणि डोळे मिटून नुसती ऐकते. परशुराम तिकडून ओरडतो आणि सत्तरीचे भाऊ इकडे बहिणीच्या कानात म्हणतात, "आये, मी कालच्याला डाळ करपवलंय." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून बसले होते.

गणपतीच्या आधीचा फोन आला. परशुराम म्हणाला, रजा मिळत नाही. भाऊंनी जसंच्या तसं सांगितलं, "आये, मी या वर्षाला येत नाय. तू रडू नको, बरा काय. मखर भाऊमामा करील, बरा काय." आक्काच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात परशुरामचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, चित्र गोठलं आणि फोन तुटला. पडदा काळा झाला. मी तोंड उघडणार, तर भाऊंनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आक्काच्या कानाशी वाकले.

"आये," ते म्हणाले, "एक सांगायचा ऱ्हायलाय. मी थंडीच्या देशात जायला निघालो तवा तू तुझी दोन लुगडी फाडून मला गोधडी शिवलंस. मी ती नेलीच नाय. मुंबैतच दोस्ताकडे टाकून गेलो. तिला म्हावऱ्याचा वास येत होता. बरोबरची पोरं हसतील म्हणून लाज वाटली मला. आणि तुला पत्रात लिवला, गोधडी लय ऊब देते." भाऊंचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "तिथं थंडी लय होती, आये. मी रोज तिची आठवण काढायचो. तू माझी आयच. मी कवा बोललो नाय."

मी मोबाइल तसाच धरून बसले होते. चाळीस वर्षं पदरचा एक शब्द न घातलेला माणूस आज सगळंच पदरचं बोलत होता.

आक्कानं डोळे उघडले नाहीत. हात मागे नेला, चाचपडत भाऊंचा कान शोधला आणि लहान पोराचा धरावा तसा दोन बोटांत धरला.

"परश्या मगाशीच गेला," ती म्हणाली. "दोन शब्दांमागं 'बरा काय' बोलल्याबिगर त्याचा होत नाय. हा तू बोलतोयस." मग म्हणाली, "गोधडी त्याच वर्षाला परत आलेली. तुझ्या दोस्तानं घरी आणून दिलान. माझा परश्या तिच्यातच वाढला. फुकट नाय गेली."

भाऊ मान खाली घालून बसले होते. कान अजून तिच्या बोटांत होता, आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिला. लालभडक झाला होता.

"आणि काय रे," आक्का म्हणाली, "तू जेवलास काय?"

सवयीनं भाऊंची मान वळली, हा प्रश्न आता कुणाला सांगायचा ते बघायला. माझ्याकडे पाहिलं, काळ्या पडद्याकडे पाहिलं. पुढे सांगायला कुणीच नव्हतं.

"नाय गो आक्का," ते म्हणाले. "नाय जेवलो."