उगवलेला नकाशा

"मॅडम, तुमची बिल्डिंग उगवली," केरू मिस्त्री फोनवर म्हणाला.

सकाळचे आठ वाजले होते. आर्किटेक्ट हर्षाली पगारे एका हाताने पोहे खात होती, दुसऱ्या हाताने नकाशांची गुंडाळी शोधत होती आणि फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता.

"उगवली म्हणजे काय, केरूभाऊ?"

"म्हणजे उगवली. जमिनीतनं वर आली. सगळ्या खोल्या. तुम्ही या बरं लवकर, मला नाही सांगता येत."

केरू माळकरी माणूस होता, त्यामुळे सकाळी सकाळी त्याच्याबद्दल भलता संशय घ्यायलाही जागा नव्हती. हर्षालीने पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि गाडीची किल्ली उचलली. अकरा वाजता घुगे साहेब जागा पाहायला येणार होते, आणि त्या पाहणीवर तिचं दीड वर्षाचं काम टांगलेलं होतं.

काम एका वसतिगृहाचं होतं. पहिल्यांदाच एखाद्या लहानशा गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला न्यायालय कधी कधी तुरुंगात न पाठवता वर्षभर देखरेखीखाली ठेवतं. अशा चोवीस जणांनी राहायचं, सकाळी कामाला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, एवढं साधं ते घर. जागा दिंडोरीच्या अलीकडे, आजूबाजूला द्राक्षबागा. तोवर हर्षालीने तीन बंगले, एका दाताच्या डॉक्टरचा दवाखाना आणि विंचूरकडच्या एका वायनरीची स्वच्छतागृहं बांधली होती. या कामावर मात्र तिचा जीव जडला. मधोमध अंगण, त्याच्या कडेने ओवरी, प्रत्येक खोलीला खिडकी, आणि कुंपणाला भिंत नाही. ज्याला परत माणसांत जायचंय त्याला माणसं दिसली पाहिजेत, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हे म्हणणं दोन माणसांना अजिबात पटलेलं नव्हतं. एक घुगे साहेब, म्हणजे हे घर बांधणाऱ्या सरकारी खात्याचे उपसंचालक. दुसरे शेजारचे बागायतदार सावळीराम नाना बोरस्ते. ग्रामसभेत नानांनी माईक ओढून घेऊन सांगितलं होतं, "आमच्या उशाला चोर आणून ठेवताय, तर मधे बारा फुटाची भिंत पायजे. वर काचा. नायतर एक वीट चढू देणार नाय." ही सूचना साहेबांना इतकी आवडली, की फायलीत ती त्यांनी स्वतःच्याच नावावर लिहिली. भिंत घातली तर तिच्या खर्चापायी चोवीस खोल्यांच्या सोळाच उरत होत्या. आणि पाहणीत काही बिनसलं, तर तीच जागा गोदामासाठी मागणारे टपून बसलेले होते.

साहेबांची आणखी एक अडचण होती. त्यांना नकाशा वाचता येत नसे. तसं ते कबूल करत नसत. "कागदावर सगळंच छान दिसतं हो, मला जमिनीवर दाखवा," असं म्हणत. म्हणून मंगळवारी केरूने खुंट्या ठोकून, दोरी ताणून, पांढऱ्या फक्कीने अख्खी इमारत जमिनीवर आखली. भिंतीच्या जागी रेघ, दाराच्या जागी मोकळं. साहेबांना बरं वाटावं म्हणून कुंपणाच्या भिंतीचीही एक रेघ मारली. बुधवारी आणि गुरुवारी केरू दुसऱ्या कामावर होता, आणि रेघा कुठे पळून जात नाहीत, असं त्याचं आजवरचं मत होतं.

हर्षाली पोचली तेव्हा तो एका खुंटीशेजारी उकिडवा बसला होता. समोर फक्कीच्या प्रत्येक रेघेवर मातीचा वरंबा ओढलेला, आणि त्यात द्राक्षाची गुडघाभर रोपं लावलेली. चोवीस खोल्या, ओवरी, भोजनगृह, सगळं हिरवं. दारं तेवढी मोकळी. पाणीसुद्धा दिलेलं होतं. खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं, पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काही बाया शेवटची रोपं लावत होत्या.

"मावशी, अहो थांबा! काय करताय हे?"

त्यांची मुकादम लंकाबाई कंबर सरळ करत उभी राहिली. छाटणी आणि लावणीसाठी ती दर साल पेठकडून वीस माणसांची टोळी घेऊन येत असे.

"लावगड," ती म्हणाली.

"कुणी सांगितली?"

"सावळीराम नानांनी. नाना लग्नाला गेलंय नामपूरला. फोनवर म्हणलं, जमीन आखून ठेवलीय, मी येईस्तोवर लावून टाका. रोपांचा टेम्पो बी हितंच उतरला."

"अहो, नानांची जमीन ती, बाभळीच्या पलीकडची! तीही आखलेली आहे, सरळ ओळीत!"

लंकाबाईने बाभळीकडे पाहिलं. मग आपल्या दोन दिवसांच्या कामाकडे पाहिलं. "आगं बया," ती म्हणाली.

"पण या रेघा चौकोनी आहेत, मावशी. चौकोनात कुणी द्राक्षं लावतं का?"

"ताई, बारा वरसं झाली मला हिकडं येऊन. एकानं बागेत गाणी लावली, एकानं वेलींना ताक पाजलं, एकजण तर रोज सकाळी झाडांशी इंग्रजीत बोलतोय. दर साली नवी पद्धत निघती. आमी इचारत नाय. जिथं फक्की, तिथं रोप."

हर्षालीच्या धंद्यातही साधारण असंच चालत होतं.

"किती लावलीत?"

"सातशे. आता हा मोरीएवढा चौकोन ऱ्हायला."

"ती मोरी नाही, धान्याची कोठी आहे," हर्षाली म्हणाली आणि तिने जीभ चावली.

एवढ्यात मोटरसायकल फटफटत आली. नाना पहाटेच नामपूरहून निघाले होते, आणि डोक्यावर लग्नातला गुलाबी फेटा अजून तसाच होता. त्यांनी गाडी उभी केली, खोल्यांची रांग पाहिली आणि दोन्ही हात फेट्यावर ठेवले.

"माझी रोपं! सरकारी जमिनीत! उपटा, उपटा आधी!"

"उपटता यायचं नाय नाना," लंकाबाई म्हणाली. "पिशव्या फाडल्यात, पाणी पाजलंय. आता मुळं हालली की रोपं गेली. पाऊस लागल्यावर गड्ड्यासकट काढा."

"म्हंजी पावसाळ्यापोत माझी रोपं जेलात?"

"वसतिगृह," हर्षाली सवयीने म्हणाली.

"तुमी गप बसा मॅडम! तुमच्या त्या रेघांनी घात केला माझा."

हर्षाली डोकं थंड करायला कुंपणाच्या रेघेने चालू लागली. सरळ गेलेली रोपांची ओळ मधेच चार-पाच फूट तुटलेली होती. पुढे परत सुरू. तिने वळून हाक मारली, "मावशी, इथं का नाही लावली?"

"वाट हाय ना ती."

हर्षालीने खाली पाहिलं. पायांनी गुळगुळीत झालेली पाऊलवाट होती. वस्तीवरच्या दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन त्या फटीतून गप्पा मारत निघूनही गेल्या.

"वाट आडवून कुणी बाग लावतं का?" लंकाबाई जवळ येत म्हणाली. "फक्की व्हती, पर म्हणलं, मालकाच्या ध्यानात आलं नसंल."

हर्षालीला मनापासून लाज वाटली. ही जागा तिने सहा वेळा पाहिली होती, दर वेळी दुपारी आणि दर वेळी गाडीतून. वाट एकदाही दिसली नव्हती. ग्रामसभेत मागे बसलेल्या बायका "आमी जायचं कुठनं" असं काहीतरी कुजबुजत होत्या, त्याचा अर्थ तिला आज कळला. शिकलेल्या माणसाने आखलं आणि न विचारता लावणाऱ्या बाईने दुरुस्त केलं, हे तिला चांगलंच लागलं.

लाजायला फार वेळ मिळाला नाही. पांढरी गाडी धुरळा उडवत आली. घुगे साहेब वेळेच्या आधी आले होते. हर्षालीने ठरवलं, खरं काय ते सांगून टाकायचं आणि जागेवर पाणी सोडायचं. ती पुढे झाली.

"साहेब, एक चूक झालीय. म्हणजे, या रेघांवर..."

"चूक?" साहेब कमरेवर हात ठेवून पाहतच राहिले. "अहो, नोकरीत तीस वर्षं झाली, पहिल्यांदा मला नकाशा समजला! याला म्हणतात दाखवणं. कशाला ते कागद!"

आणि ते खुशीत सरळ निघाले, तो मागून लंकाबाईचा आवाज आला.

"ओ सायेब! रोपं तुडवाल! दारानं या!"

साहेबांचा पाय हवेतच थांबला. इतक्या मोठ्याने त्यांच्यावर घरीच कुणी ओरडत असेल. ते मुकाट्याने वळसा घालून दाराने आत आले, आणि मग आत आल्यावर दुसरा इलाजच नव्हता. ओल्या वरंब्यांतून बूट घालून जाता येईना, म्हणून साहेब खऱ्या इमारतीत फिरावं तसे फिरले. ओवरीतून खोलीत, खोलीतून परत ओवरीत. अधीक्षकांच्या कार्यालयात पाच बाया भाकरी-ठेचा खात बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना नमस्कार करून ते कार्यालय बाहेरूनच पाहिलं.

"ही खोली जरा लहान वाटते," एका दारात थांबून ते म्हणाले.

"किती माणसं ऱ्हाणार?" लंकाबाईने विचारलं. ती आता साहेबांच्या बरोबरीने चालत होती.

"एक."

"एक?" लंकाबाई आत जाऊन मधोमध उभी राहिली. "आमी सातजणं ऱ्हातो याच्यात."

साहेबांनी पुढच्या कुठल्याही खोलीला लहान म्हटलं नाही. भोजनगृहातून बाहेर पडायला मात्र त्यांना सबंध अंगणाला फेरी घालावी लागली, आणि घाम पुसत ते म्हणाले, "मॅडम, इथे आणखी एक दार नको का?" हर्षालीने ते गुपचूप लिहून घेतलं. दार खरंच हवं होतं.

शेवटी सगळे कुंपणाच्या ओळीशी आले.

"आणि ही आपली बारा फुटांची भिंत," साहेब समाधानाने म्हणाले. "ही फट बुजवा. बाकी झकास."

"बारा फूट?" नाना एकदम पुढे आले. "मग माझ्या रोपांना ऊन कसं मिळंल?"

"तुमच्या रोपांना?"

मग नानांनी सगळी हकिगत सांगितली. साहेबांनी ती दोनदा ऐकली.

"अहो, पण भिंत तुम्हीच मागितलीत ना? ग्रामसभेत?"

"तवा रोपं नव्हती," नाना म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. "आता मला रोज पाणी द्यायला यायचंय. भिंतीवरनं उड्या मारू का?"

"मग उद्या आतली माणसं पळून गेली तर?"

हर्षालीने बोलायला तोंड उघडलं. दीड वर्ष ती याच प्रश्नाची तयारी करत होती, आकडे तोंडपाठ होते. पण लंकाबाई आधी बोलली.

"सायेब, ह्या माणसांना सकाळी तुमीच सोडणार ना कामाला? दार उघडून?"

"हो. तशीच योजना आहे."

"मग ज्याला पळायचं त्यो सकाळीच नाय का पळणार? रातचा भिंतीवर कशापायी चढंल बिचारा?"

साहेबांनी भिंतीच्या जागेकडे पाहिलं, मग लंकाबाईकडे, आणि बरोबरच्या कारकुनाकडून फाईल मागून घेतली. गाडीच्या बॉनेटवर ठेवून ते लिहू लागले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, "भिंत रद्द. तारेचे कुंपण, त्यावर शोभेचे वेल. गावची वाट कायम ठेवावी. बाकीची रोपे पावसाळा लागताच संबंधिताने काढून न्यावीत."

'शोभेचे' ऐकून नानांचा फेटा थरथरला, पण त्यांनी राग गिळला. "मग गावाचा इरोध नाय, असं बी लिवा," ते म्हणाले. "गावाला मी सांगतो."

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्की डोळ्यात गेली, असं तिने केरूला सांगितलं. केरूला ते खरं वाटलं.

दोन वर्षं गेली. घर उभं राहिलं, खोल्या चोवीसच्या चोवीस झाल्या, आणि कुंपणावरच्या सरकारी शोभेच्या वेलींना नानांची द्राक्षं लागली. मार्चमधल्या एका दुपारी नाना द्राक्षांचा क्रेट घेऊन हर्षालीच्या ऑफिसात आले, तेव्हा तिने आधीच हात जोडले.

"नाना, आता भिंतीचं काही काढू नका हं."

"भिंतीचं नाय, माणसाचं हाय. तुमची सायबांशी ओळख, म्हणून आलो. तिथं त्यो नवनाथ हाय ना?"

नवनाथला ती ओळखत होती. बांधाच्या भांडणात चुलत्याच्या डोक्यात काठी घातली म्हणून तो वर्षभरासाठी आलेला, आणि पहिल्या आठवड्यापासून नानांच्या बागेत कामाला जात होता.

"काय केलं त्यानं?"

"आवो, सोनं हाय सोनं! असा हात मी चाळीस वरसांत पायला नाय. पर त्याचं वरीस भरतंय एकतीस मार्चला, आणि माझी खरड छाटणी एप्रिलात." नाना खुर्चीत पुढे सरकले. "दीडेक महिना वाढवून मिळंल का?"

"नाना, मुदत अशी वाढत नाही हो. चांगलं वागणाऱ्याची तर नाहीच."

"ते सायेब बी बोलले. मी म्हणलं, वाईट वागल्याचं मी लिवून देतो."

हर्षालीला हसू आवरेना. "त्यापेक्षा त्यालाच विचारा ना, राहतोस का म्हणून."

"इचारलं की." नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हणला, नाना, चुलत्याचा फोन आला. घरी ये म्हणलाय. वरसभर त्या घरातनं एक फोन नव्हता, मॅडम. पोरगं सांगताना रडलं. आता कोणत्या तोंडानं आडवू?" त्यांनी टोपीची घडी सारखी केली. "त्याला टावेल-टोपी घेऊन ठेवलीय. जाऊ द्या. घरी जायाच पायजे त्यानं."

मग नाना उठले, टोपी नीट घातली आणि दारात जाऊन थांबले.

"मॅडम, म्हंजी त्याची खोली आता मोकळी व्हणार?"

"हो. का?"

"मग पुढचा जरा बघून धाडा म्हणावं सायबांना. छाटणी येणारा," नाना म्हणाले. "गुन्हा कुठला बी चालंल."