नऊ नंबरची बाटली

"काय पाऊस पडतोय, सर," असं म्हणायची सोय आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाच नाही. म्हात्रे सर लगेच विचारतात, "कुठे?"

"कुठे म्हणजे? पेणमध्ये."

"पेणमध्ये पाऊस पडत नाय. एसटी स्टँडमागे पडतो, स्टेशनवर पडतो, तुमच्या गच्चीवर पडतो. तिघांचं आपसात नातं काय, ते मला शोधायचं हाय."

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ओळखीच्या लोकांच्या घरी पाऊस मोजायच्या बाटल्या बसवल्या. प्लास्टिकची बाटली कापायची, तोंड उलटं करून आत बसवायचं, बाजूला पट्टी चिकटवायची. मालकाने सकाळी आठला आकडा फोनवर सांगायचा. तीन नंबरची बाटली माझी. आठ-पाचपर्यंत फोन गेला नाही की सर रेनकोट घालून माझ्या दारात.

"अंदाजे पंधरा धरा," मी एकदाच म्हणाले.

"अंदाज माझं काम. तुमचं काम वाचायचं."

हमरापूरच्या मूर्तिकाराने एकदा कोरड्या दिवशी अकरा मिलिमीटर कळवले. सर रिक्षा करून गेले. पाणी गुलाबी होतं. गणपतीचे हात रंगवून त्याने ब्रश बाटलीत बुडवला होता. सर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ब्रशसाठी वेगळा डबा नेऊन दिला.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं की सर खुलतात. "शेजारच्या दोन बाटल्यांचे आकडे सख्ख्या भावंडांसारखे. जरा लांब गेलं की चुलत. गावाबाहेर गेलं की ओळखसुद्धा देत नायत. ही ओळख किती अंतरात पुसते, ते गणितात बसवायचं. मग कुठल्या आळीत पाणी तुंबेल ते आधी सांगता येईल."

यंदा त्यांनी आकड्यांची वही नीट लावून द्यायला माझ्याकडे दिली. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. किराणा, औषधं, सोसायटीची थकलेली कामं, सगळ्याच्या याद्या. मी एका संध्याकाळी बाटल्यांची यादी केली आणि निरुपयोगी म्हणून एकच खोडली. नंबर नऊ, अष्टमी, सरांच्या थोरल्या बहिणीचं अंगण.

"सर, अष्टमी म्हणजे रोह्याला, कुंडलिका नदीच्या पलीकडे. तुमच्याच गणितात तिचं पेणशी नातं शून्य."

सरांनी यादी पाहिली. "व्हय," म्हणाले. "बरोबर हाय." एवढंच बोलून छत्री विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना फोन लावला, आता आकडा कळवायची गरज नाही असं सांगायला.

"बाटली कुठाय गो आता," ताई म्हणाल्या. "वाऱ्याने उडाली, नदीत गेली. दोन पावसाळे झाले. मी आपलं आभाळ बघून सांगते. घरात दुसरं कोण हाय बोलायला? त्याला नको सांगूस. आकडा नाय तर तो फोन कशाला करील?"

मी वही उघडली. नऊ नंबरखाली सगळे आकडे पूर्ण, अपूर्णांक एकही नाही. फेब्रुवारीतसुद्धा चार मिलिमीटर. ही चूक सरांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. वही घेऊन मी वर सरांकडे गेले आणि नऊचा रकाना पुढे धरला.

"माहीत हाय," सर म्हणाले. "तो रकाना मी मॉडेलात कधीच धरला नाय."

"मग रोज लिहिता कशाला?"

"नुसता फोन केला तर म्हणते, कामाशिवाय पैसे कशाला घालवतोस. आकडा विचारला की अर्धा तास बोलते."

मी खाली आले, नवी यादी केली आणि नऊ नंबर पेनने लिहिला.

आज सकाळी छत्री द्यायला गेले तर सर फोनवर होते. बाहेर लख्ख ऊन.

"कुठे?" ते विचारत होते. "पुढच्या अंगणात की मागल्या दारी? ... पाच? बरं, पाच लिहितो. आणि गुडघा कसा हाय?"