पुस्तक चाकूरला आलं का?

सकाळी दूध आणायला फाटकाबाहेर पडलं की नामदेवकाका सोनकांबळे हमखास आडवे येतात. नमस्कार नाही, चहा झाला का नाही, पाण्याची पाळी कधी आहे याची चौकशी नाही. सरळ विचारतात, "पुस्तक कुठवर आलं, सर? चाकूर गेलं का?"

नव्या माणसाला यातलं काही कळत नाही. आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांना वाटलं, म्हाताऱ्याचं पुस्तकांचं पार्सल वाटेत हरवलंय. बिचाऱ्यांनी ओळखीतल्या कुरियरवाल्याचा नंबर आणून दिला. काकांनी तो खिशात टाकला आणि म्हणाले, "ते ठीक हाय. पण तुम्ही सध्या काय वाचून राहिले?"

काका एस.टी.त कंट्रोलर होते. लातूरच्या स्टँडवर चौकशीच्या खोलीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. निवृत्त झाले, पण जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या डोक्यात अजून लातूर-नांदेड रस्त्यावरच धावते. पुस्तकाचं पहिलं पान म्हणजे लातूर आणि शेवटचं नांदेड. थोडंफार वाचून झालं की चाकूर. अर्ध्यावर अहमदपूर; तिथं गाडी चहापाण्याला थांबते, तसा वाचणाऱ्यानेही थोडा दम खावा. लोह्याच्या पुढे गेलेल्या माणसाला मात्र हाक मारायची नाही. "उतरायच्या घाईत हाय त्यो," असं सांगून ते त्याच्या बायकोलासुद्धा गप्प बसवतात.

त्यांच्याकडे शिळा माल चालत नाही. मी या गल्लीत राहायला आल्या आल्या ऐटीत सांगून बघितलं होतं की कॉलेजात असताना आपण भरपूर वाचायचो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गेल्या साली सुटलेली गाडी मला कामून सांगून राहिले, सर? आज फलाटाला काय लागलंय ते बोला." आणि काहीच वाचत नाही म्हणून कबूल केलं, तर ते एवढंच म्हणतात, "म्हणजे गाडी रद्द." हे ते इतक्या हळहळीने म्हणतात की आपल्यामुळे पन्नास माणसं स्टँडवर ताटकळली आहेत असं वाटतं. मी भूगोलाचा मास्तर. परीक्षेचे पेपर सोडून काही वाचायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने जाऊन एक कादंबरी आणली. गिरणीवालाही पिठाच्या बोटांनी रहस्यकथा वाचायला लागला. गल्ली सुशिक्षित झाली ती अशी, बेजार होऊन.

पुस्तकाचं नाव सांगून सुटका होत नसे. त्यात माणसं कोण कोण आहेत, ती बाई घर सोडून का गेली, पुस्तक खरंच आवडलं का उगी म्हणायचं म्हणून म्हणता, सगळं ते खोदून विचारत. आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला असे: "शिकलेल्या बाईमाणसाला आवडंल का हे?" ही शिकलेली बाई कोण, यावर आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली. काकू जाऊन बराच काळ लोटला होता. काकांचं या वयात काहीतरी जमतंय, असा एका पक्षाचा ठाम अंदाज होता.

"पण काका, तुम्ही काय वाचताय?" असं कुणी उलट विचारलंच, तर हात झटकून म्हणत, "माझं सोडा. कंट्रोलर गाडीत बसत नसतो."

या सगळ्याला सर्वांत जास्त वैतागले ते आमचे बिराजदार वकील. निलंग्याकडचे, तोंडाचे तिखट आणि स्वभावाने गमत्ये. कोर्टाची कागदपत्रं वाचून डोळे शिणलेल्या माणसाने सकाळी सकाळी आणखी काय वाचावं? रोज गाडी रद्द झाल्याची बोलणी खाण्यापेक्षा त्यांनी एक दिवस थाप ठोकून दिली. म्हणाले, 'जांभळ्या दाराचा दवाखाना' नावाची कादंबरी घेतलीय. एका खेड्यात बंद दवाखाना आहे, डॉक्टर परागंदा झालाय आणि दाराला रोज ताजं तोरण लागतं, ते कोण लावतं कुणालाच माहीत नाही.

काका तिथंच खिळले. दुसऱ्या दिवशी उजाडताच वकिलांच्या दारात हजर. "तोरणाचं काय झालं?" मग वकिलांना रोज पुढचं रचावं लागलं. डॉक्टरची पहिली बायको आली, मुका कंपाउंडर आला, गावच्या पाटलाला भलता आजार झाला. कोर्टात एवढी तयारी करून गेलो असतो तर नाव निघालं असतं, असं वकील मला हसत हसत सांगायचे. गोष्ट लोह्यापर्यंत आली तरी तोरण कोण लावतं हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

अशातच एका रविवारी दुपारी काका माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले. आत येईनात.

"सर, त्या दवाखान्याचं पुस्तक कुठं मिळंल? औशापर्यंत जाऊन आलो. दुकानदार म्हणतात, असं पुस्तकच न्हाई."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. वकिलांनी गमतीने रचलेलं आहे सगळं, असं मी सांगून टाकलं. मला वाटलं, काका भडकतील. वकिलांच्या दारात जाऊन भोंग्याच्या आवाजात त्यांचा उद्धार करतील. पण ते माझ्या पायरीवर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत गल्लीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

काकांना एक मुलगी आहे, सुजाता. नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. काकांनी बहिणीला शब्द दिला होता की सुजाता तुझ्याच घरात सून म्हणून येईल. आमच्याकडे आत्याच्या मुलाला मुलगी देतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटलं ते सुजाताला. तिने नांदेडच्या एका शिक्षकाशी लग्न केलं. बहिणीपुढे मान खाली गेली म्हणून काका लग्नाला गेले नाहीत. वर तिला सांगितलं, तुझ्या नांदेडची गाडी रोज पुकारीन, पण त्या गाडीत पाय ठेवणार नाही. आणि खरंच, निवृत्त होईपर्यंत ते रोज नांदेड पुकारत राहिले आणि एकदाही नांदेडला गेले नाहीत.

काकू गेल्यावर सुजाताचा फोन यायला लागला. तब्येत बरी आहे, जेवलो, इथवर बोलणं व्हायचं आणि मग दोघंही गप्प. एकदा अशीच शांतता लांबली तेव्हा काकांना काही सुचेना. लहानपणी ही पोर सदा पुस्तकात डोकं घालून बसलेली असायची, एवढं आठवलं. म्हणून विचारलं, "सध्या काय वाचतीस?" आणि ती बोलत सुटली. खूप वेळ बोलली. शेवटी तिने विचारलं, "आणि तुम्ही, बाबा?" ज्या माणसाने जन्मभर वेळापत्रकाशिवाय काही वाचलं नव्हतं, त्याने शेजाऱ्याच्या हातात पाहिलेल्या पुस्तकाचं नाव ठोकून दिलं.

तेव्हापासून दर रविवारी फोन आणि आठवडाभर आमच्यामागे तगादा. आम्ही जे सांगू, ते सगळं नांदेडला पोचत होतं.

"आता ती म्हणून राहिली, बाबा, दवाखान्याचं पुस्तक नांदेडात कुठंच मिळंना. तुमच्याजवळचं आणून द्या," काका म्हणाले. "कुठून आणू? तिला कळंल, बाप एवढे दिस खोटं बोलून राहिला. मग फोन बंद होतो, सर. आमच्यात दुसरं बोलायला काहीच न्हाई."

माझ्या डोक्यात एकदम चमकलं. मी म्हणालो, "काका, ग्रंथालयात काम करणारी बाई पुस्तक हवं असेल तर मागवून घेते. बापाला आणून द्या म्हणत नाही."

"मग?"

"तिला पुस्तक नकोय. ती तुम्हाला बोलावतेय."

कुठली गाडी कुठल्या खड्ड्यामुळे उशिरा येईल हे बसल्या जागी सांगणारा माणूस, पण एवढी साधी हाक त्याला ऐकू आली नव्हती. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, उद्याच निघा. तर काका उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "अजून न्हाई. आधी एक पुस्तक खरंच वाचणार. मग जाऊन तिला सगळं सांगणार. खोटं घेऊन त्या गाडीत बसणार न्हाई."

सुजाताने फोनवर नावाजलेली एक जाडजूड कादंबरी मी वाचनालयातून आणून दिली. दुसऱ्या दिवसापासून काका अंगणात खुर्ची टाकून बसले. दुसऱ्या पानावर झोपले. ऊन तोंडावर येईपर्यंत तसेच झोपून राहिले, कारण घरात उठवायला कुणी नव्हतं. मग सुपारी चघळत वाचून पाहिलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवून पाहिलं, उभं राहून पाहिलं. उभ्यानेही डुलकी यायची. "गाडी स्टँडच्या बाहेरच निघंना," ते म्हणायचे. पण पुस्तक खाली ठेवलं नाही. वकील लाजून माफी मागायला आले, दवाखान्याची गोष्ट खरोखरच लिहून छापून देतो म्हणाले. काकांनी हात जोडले. "तुमची गाडी तुमच्याच दारात लावा, वकीलसाहेब."

आणि मग एका सकाळी गल्ली दचकून जागी झाली. काका कादंबरी मोठ्याने वाचत होते, भोंग्याच्या जुन्या आवाजात. मनात वाचलं की झोप येते. पुकारून वाचलं की येत नाही, हा शोध त्यांना लागला होता. नायिकेच्या आईचं आजारपण त्यांनी अशा सुरात वाचलं की जणू सोलापूरहून येणारी गाडी उशिरा धावत आहे. नायिकेचं प्रेम जमलं तेव्हा प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळावं, असंच वाटलं. पहिल्या दिवशी लोकांनी खिडक्या लावल्या. चार-सहा दिवसांनी त्याच खिडक्या उघड्या दिसू लागल्या. वकील खुर्ची घेऊन कुंपणाशी बसायला लागले आणि काकांचा घसा बसू नये म्हणून खडीसाखर आणू लागले.

पुस्तक अर्ध्यावर आलं. नायिका बापाचं घर सोडून निघते आणि फाटकापाशी एकदा मागे वळून बघते, असं काहीतरी होतं. काकांनी ते वाक्य पुकारलं आणि थांबले. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं, हळू, भोंग्याशिवाय. पुस्तकात बसचं तिकीट खूण म्हणून घातलं आणि म्हणाले, "अहमदपूर आलं." त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हातात पिशवी घेऊन ते माझ्या दारात उभे. "सर, स्टँडवर सोडता का?" वकील कुंपणावरून ओरडले की पुढचं कोण वाचणार, आम्ही काय अर्ध्यातच बसायचं का? काकांनी वळूनही पाहिलं नाही.

स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. भोंग्यावर कुणी तरुण पोरगा पुकारत होता. काका क्षणभर ऐकत उभे राहिले. "आवाज बरा हाय," ते म्हणाले. "पण नांदेड म्हणताना घाई करून राहिला. नांदेड सावकाश म्हणायचं असतं."

मी विचारलं, फोन केलाय का तिला? नाही म्हणाले. केला तर काय वाचताय विचारेल, आणि ते आता समोरच सांगायचंय. एवढं बोलून त्यांनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि मागे न बघता चढले. खिडकीशी जागा मिळाली. पुस्तक पिशवीतून काढून मांडीवर घेतलं.

"काका, वाटेत वाचून संपवणार का?"

"न्हाई. अर्धं तसंच ठेवलंय. पुढचं तिच्यासमोर वाचणार. मनातल्या मनात, चांगल्या माणसासारखं."

"आणि झोप लागली तर?"

गाडी सुरू झाली. काकांनी खिडकीची काच आणखी सरकवली.

"लागू द्या की," ते म्हणाले. "तिथं उठवणारं माणूस हाय."