चाळीस ग्रॅम गॅस

"एवढं विरजण सांभाळ गं. बाकी काही सांडलं-लवंडलं तरी चालेल. रोज दूध विरजायचं आणि आदल्या दह्यातलं थोडं निळ्या वाटीत काढून फ्रिजात ठेवायचं. बत्तीस वर्षं हेच विरजण चाललंय घरात."

लेकीकडे जाताना सासूबाई एवढंच सांगून गेल्या. सून "हो आई" म्हणाली. तिचं 'हो' म्हणजे नेमच असायचा.

पाचव्या दिवशी भर उन्हाळ्यात फ्रिजनं मान टाकली.

"गॅस गेलाय," मेकॅनिक म्हणाला. "ह्याचा मूळ गॅस बंद झाला, आकाशाला भोकं पाडायचा म्हणून. आता दोन आहेत. एक पेटत नाही, पण त्याला मशीनचं तेल बदलावं लागेल. चार दिवस जातील, शिवाय तो जगाची हवा तापवतो. दुसरा ह्याच तेलावर चालतो, वीजही कमी खातो. आज होईल. फक्त पेटणारा आहे."

"पेटणारा?" नवरा ताडकन उठला. तो कंपनीत आगीपासून बचाव कसा करावा हे शिकवायचा. "माझ्या घरात?"

"साहेब, चाळीस ग्रॅम! ओट्याखाली ह्याच्याच भाऊबंदांनी भरलेलं अख्खं सिलिंडर आहे. त्यावर रोज चहा करता ना?"

"चार दिवसांत विरजण आंबून जाईल हो," सून हळूच म्हणाली.

आईच्या विरजणापुढे नवऱ्याचं चालेना. त्यानं होकार दिला, पण नियमानं. त्यानं मेन स्विच पाडला, सिलिंडर गच्चीत नेलं, दारावरच्या बेलची वायर काढली.

"गळती बंद केली, ठिणगी टाकणारं बटणही बदललं. खिडकी उघडी असली की पुरे," मेकॅनिक म्हणाला.

"तुम्ही घड्याळ काढा आधी."

सून सिलिंडर राखायला गच्चीत थांबली, तेवढ्यात नवऱ्यानं फ्रिजही रिकामा केला. दूध, भाज्या, लोणी, सगळं टोपलीत भरून खालच्या काकूंकडे पोचवलं. त्यातच निळी वाटीही गेली.

सुनेला हे कळलं तेव्हा फ्रिज घुरघुरू लागला होता. ती धावतच खाली गेली.

काकूंनी धुऊन लख्ख केलेली वाटी पुढे केली. "नातवंडांनी चाटूनपुसून खाल्लं गं! चाटायलाच दिलंय असं वाटलं मला."

"काकू, बत्तीस वर्षांचं विरजण होतं ते..." सुनेचे डोळे भरून आले.

काकूंनी जिन्यात डोकावून पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

"डोळे पूस आधी. दोन वर्षांपूर्वी तुझी सासू अश्शीच रडत होती इथे. मांजरानं फस्त केलं होतं तिचं तीस वर्षांचं विरजण."

"मग हे?"

"हे माझं. आणि माझं तरी कुठलं, दूधवालीकडचं! तेव्हा कुणाला बोलले नाही, तुझंही बोलणार नाही. पण तिला कळू द्यायचं नाहीस हं, की तुला कळलंय."

"नाही काकू. शब्द देते."

काकूंनी वाटीत चमचाभर दही घातलं. वरून नवऱ्यानं हाक मारली, "सगळं सुखरूप आहे ना? बघ, नियम पाळले की एक चमचासुद्धा वाया जात नाही!"

"हो," सून म्हणाली. वाटीवर बशी झाकून ती एकेक पायरी जपून चढू लागली.