द्विमार्गी संभाषणाची मान्यताप्राप्त आकृती

माणसाला आपल्या सख्ख्या भावाशी बोलावेसे वाटावे, ही तशी सामान्य गोष्ट आहे. तिचे प्रकरण होण्यास एक टेकडी आणि एक कार्यालय एवढी सामग्री पुरते.

टेकडीच्या माथ्यावरील हवामान-केंद्रात धाकटे बंधू एकटे राहत आणि वारा मोजत. पायथ्याशी थोरले बंधू सपत्नीक राहत. मोबाइलचा संकेत टेकडी चढताना अर्ध्यातच दम टाकी. अलीकडे धाकट्यांचेही तसेच होऊ लागले होते. डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली आणि बजावले, की दुखू लागले तर पायी उतरू नका, ताबडतोब कोणाला तरी हाक मारा. सल्ला उत्तम होता. ती हाक पायथ्यापर्यंत कशाने पोहोचावी, हे मात्र वैद्यकशास्त्राच्या कक्षेबाहेरचे होते.

थोरले निवृत्त गणित-शिक्षक होते. दुकानातून आणलेल्या वॉकीटॉकीची जोडी घराच्या फाटकापाशीच मुकी झाली, तेव्हा माथ्यापर्यंत पोहोचेल अशी जोडी आपण स्वहस्ते सिद्ध करावी, असा संकल्प त्यांनी सोडला. सुटे भाग मिळण्याजोगे होते, सोल्डरचा डाग लावण्याचा हात बसलेला होता. उणीव होती ती फक्त सर्किटच्या आकृतीची.

प्रथम त्यांनी इंटरनेटला शरण जाऊन पाहिले. तेथील पहिल्या जाणकाराने आकृती दुसऱ्याकडे असल्याचे सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने मोठ्या आदराने पहिल्याचे नाव घेतले. एका चर्चापीठावर त्यांनी नम्रपणे पृच्छा केली, तेव्हा अनेकांनी तत्परतेने उत्तरे दिली : मोबाइल का वापरत नाही, भावाला खाली का आणत नाही, आणि या वयात हे उद्योग कशाला. आकृती तेवढी कोणी दिली नाही.

अखेर ते ध्वनिसंपर्क आकृती कार्यालयात गेले. देशातील यच्चयावत सर्किटांच्या आकृत्या तेथे सुरक्षित होत्या. इतक्या सुरक्षित, की स्थापनेपासून एकही बाहेर गेलेली नव्हती. तेथील आकृतीपालांनी थोरल्यांना आदराने बसवले आणि प्रकरण छाननी समितीकडे धाडले.

या समितीची एक परंपरा होती. गोपनीयतेचा भंग होऊ नये म्हणून संपूर्ण आकृती कोणत्याही एका सदस्याने पाहावयाची नाही, असा दंडक होता. खिडक्या कापलेला एक जाड पुठ्ठा आकृतीवर ठेवला जाई, आणि प्रत्येक सदस्य आपापल्या खिडकीतून दिसेल तेवढ्याच भागाविषयी आक्षेप नोंदवी. बॅटरीच्या खिडकीवर बसलेल्या सदस्यांना आक्षेपार्ह काही आढळले नाही. माइकच्या खिडकीवरचे सदस्यही प्रसन्न होते. स्पीकरच्या खिडकीवरचे सदस्य मात्र गंभीर झाले. या भागातून, त्यांनी नोंदवले, दुसऱ्याचे बोलणे ऐकू येण्याचा संभव आहे.

दुसऱ्याचे बोलणे ऐकणे म्हणजे पाळत ठेवणे, हे सर्वांनाच पटले. बोलण्याच्या बाजूचा विचार झाला, तेव्हा तीत काही धोका दिसेना. कारण ऐकण्याची बाजू काढून टाकल्यावर कोणी काहीही बोलले, तरी बिघडणार काय? अशा रीतीने अर्धी आकृती एकमताने मान्य झाली.

थोरल्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"साहेब, यात ऐकायचा भागच नाही."

"सुरक्षित आकृती आहे," आकृतीपाल म्हणाले.

"पण वर तर द्विमार्गी लिहिलंय."

"मग? तुम्ही दोन यंत्रं करणार ना? एक मार्ग तुमचा, एक भावाचा. झाले दोन."

"अहो, पण मी बोलल्यावर ऐकणार कोण?"

आकृतीपालांनी नियमांचे पुस्तक मिटले. त्यांचा स्वर कनवाळू झाला. "काका, बोललेलं कोणाला ऐकू गेलं पाहिजे, अशी अट नियमांत कुठेच नाही. उगाच स्वतःवर बंधनं कशाला घालून घेता?"

गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला दोहोंची बेरीज नाकारता येईना. शिवाय मान्यताप्राप्त आकृतीत स्वतःच्या अकलेने रेघ वाढवणे हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते. उत्तरपत्रिकेत अशा रेघा मारणाऱ्यांना त्यांनी कधी गुण दिले नव्हते. त्यांनी आकृतीबरहुकूम जोडी सिद्ध केली आणि तिच्यातले एक यंत्र माथ्यावर पाठवले. बटण दाबले की लाल दिवा लागे, यंत्र तळहातात किंचित ऊबदार होई, आणि बोलावेसे वाटे.

पहिल्याच दिवशी ते चहा निवेपर्यंत बोलले. पत्नी दारात उभ्या होत्या.

"काय म्हणाले भावजी?"

"ऐकत होता."

"कशावरून?"

"एकदाही मध्ये बोलला नाही."

"लग्नापासून मीही मध्ये बोललेली चालत नाही तुम्हाला," पत्नी म्हणाल्या, "माझ्या हाती एक रिकामा डबा दिला असता तरी चाललं असतं."

माथ्यावर धाकट्यांचाही अनुभव तोच होता. दादा आयुष्यात प्रथमच आपले म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेत आहे, असे वाटून त्यांचे डोळे पाणावले. वार्ता पसरली. शेजाऱ्यांनी यंत्रे मागितली, मग मुख्याध्यापकांनी, मग नगराध्यक्षांनी. तक्रार-निवारण कक्षाने तर प्रत्येक खिडकीवर एक यंत्र टांगले. तक्रारदार मन मोकळे करून समाधानाने घरी जाऊ लागले. गावातली भांडणे थांबली, कारण भांडणाला प्रत्युत्तर लागते. आकृतीपालांना बढती मिळाली.

एके दिवशी दुपारी धाकट्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी डॉक्टरांची आज्ञा तंतोतंत पाळली. बटण दाबून ते म्हणाले, "दादा, दुखतंय रे. गाडी घेऊन ये." मग पायरीवर बसून वाट पाहिली. पुन्हा सांगितले. सांगितल्यावर क्षणभर बरेही वाटले. दिवा लागत होता, यंत्र निर्दोष चालत होते. गाडी तेवढी येत नव्हती. शेवटी दगडादगडावर टेकत ते टेकडी उतरले आणि घामाने भिजून थोरल्यांच्या दारात उभे राहिले.

थोरले आरामखुर्चीत पाठमोरे बसले होते. हातात यंत्र होते, दिवा लागलेला होता. "छातीचं कसं काय? जप हो. काही वाटलं तर संकोच करू नकोस. मी आहे ना इथे," ते जिव्हाळ्याने सांगत होते.

"दादा," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी मान न वळवताच हात वर केला. "जरा थांबा. धाकट्याशी बोलतोय."

पत्नी स्वयंपाकघरातून आल्या. त्यांनी एकदा दिरांच्या चेहऱ्याकडे पाहिले, यजमानांना काही सांगण्यात वेळ दवडला नाही, आणि शेजाऱ्याची गाडी काढवून दिरांना घेऊन रुग्णालय गाठले. धाकटे वाचले. थोरले सायंकाळपर्यंत त्यांना प्रकृतीस जपण्याविषयी सांगत होते.

ही हकिकत प्रस्तुत लेखकाने आजवर अनेकांना तोंडी सांगून पाहिली. टेकडी आणि कार्यालयापर्यंत सर्वजण मान डोलावत. त्यानंतर "हे तर काहीच नाही, माझं ऐका" असे म्हणून प्रत्येकाने स्वतःचे सुरू केले. शेवट ऐकायला कोणी थांबेना, म्हणून ती लिहावी लागली. आपण येथवर आलात, याचा अर्थ आपण ऐकलेत असा मात्र लेखकाने धरलेला नाही. हे संपल्यावर कोणाला काय सांगायचे, याची आपली जुळवाजुळव केव्हाच झालेली आहे. सांगावे. समोरचाही तयारच असेल.