काहीच न शिकवणारं शिबिर

बस डेपोतल्या वेळापत्रक विभागाचं छत एका सकाळी थेट टेबलांवर उतरलं. नशिबाने चहाची वेळ होती, त्यामुळे खोलीत कोणी नव्हतं. साहेबांनी ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि दुरुस्ती होईपर्यंत सगळ्यांना रजेवर पिटाळलं. शहरभरच्या बसना मिनिटामिनिटाला पळवणारी एक आई अशी ध्यानीमनी नसताना ऐन उन्हाळ्यात घरी येऊन पडली. आल्याआल्या तिने दोन्ही मुलांचे पोहण्याचे, चित्रकलेचे, हस्ताक्षराचे सगळे वर्ग बंद करून टाकले.

"मग आम्ही करायचं काय?" धाकट्याने घाबरून विचारलं.

"काही नाही. लोळायचं."

"किती वाजेपर्यंत?"

आईला भरून आलं. हे पोर तिने स्वतःच्या हातांनी असं घडवलं होतं. थोरली ताई तर सुट्टी संपली की लांबच्या शाळेत, वसतिगृहात राहायला जाणार होती. पोरगी आपली, घरातली, अशी ही शेवटचीच सुट्टी. तिच्या बॅगेचा विषय निघाला तरी आई घाईने दुसरंच काही बोलायला लागायची. तिला फार काही नको होतं. पडदे ओढलेल्या खोलीत गार फरशीवर दोन्ही मुलांना घेऊन पडावं, कुणी कुठे जाणार नसावं, बस्स.

पहिले दोन दिवस मुलं घड्याळ बघत लोळली. तिसऱ्या दिवशी मात्र ताईने न सांगता आईच्या मांडीवर डोकं टेकलं. आईने श्वास रोखला. तेवढ्यात उघड्या दारातून समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मान आत घातली.

"अय्या, मुलं घरी? शिबिरात नाही घातली यंदा?"

किडका दात सापडावा तशा नजरेने त्या तिघांकडे बघत होत्या. आईला उगीचच ओशाळल्यासारखं झालं आणि ती बोलून गेली, "घातलीयेत ना. हेच शिबिर. इथेच भरतं."

"काय शिकवतात?"

"काहीच नाही."

"म्हणजे नवीनच पद्धत दिसतेय! आमची दोघं पण येतील हं."

"जागा नाहीत हो," आई घाईघाईने म्हणाली, आणि तिथेच चुकली. भरलेल्या गाडीमागेच माणसं जास्त पळतात, हे तिने इतकी वर्षं डेपोत बसून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई दोन्ही मुलगे, पाण्याच्या बाटल्या आणि उशा घेऊन हजर. "मोठ्याला थोडं लोळता येतं वहिनी, पण बारक्याला अगदी पहिल्यापासून घ्यावं लागेल." स्वतःच्या घरातल्या रोपांना पाणी घालायला किल्ली आईच्या हातात देऊन त्या दवाखान्यात गेल्या. तिथे त्यांनी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला शिबिराची शिफारस केली. तोंड उघडं ठेवून पडलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. आठवडा संपायच्या आत बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

पालक एकापेक्षा एक. बँकेतले एक गृहस्थ तर तक्रार घेऊनच आले. "आमचा काल घरी येऊन चक्क पुस्तक वाचत होता. तुमचं लक्ष आहे ना?"

"उद्यापासून बघते," आई म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नवरा फिरतीवर होता आणि सासरेबुवा मात्र खुशीत होते. ते फुटबॉलचे निवृत्त पंच. त्यांनी कपाटातून शिट्टी काढली आणि कोणी काही उपयोगाचं केलं की फुंकायला सुरुवात केली. "ए पोरा, चपला नीट लावतोस? चल, बाहेर हो!"

एवढी पोरं म्हटल्यावर पाणी आलं, सांडणं आलं, मोरीपुढची रांग आली. शेवटी आईने नाइलाजाने कागद घेतला आणि खिडकीखाली कोणी कधी लोळायचं याच्या पाळ्या लावल्या. लावून झाल्यावर कागदाकडे बघून तिला रडूच आलं. आता तिचा दिवस पेले भरण्यात आणि फरशी पुसण्यात जायचा. ताई कुठेतरी त्या गर्दीत असायची, दिसायची, हातात यायची नाही. स्वतःच्याच घरात तिला स्वतःच्या मुलांची आठवण येऊ लागली.

एका दुपारी पेले भरताना तिच्या लक्षात आलं, की आपली दोघं बराच वेळ दिसलेली नाहीत. तिने टेबलाखाली पाहिलं, गच्चीवर जाऊन आली.

"बाबा, आपली मुलं कुठायत?"

"बाहेर काढली," सासरेबुवा ताठ मानेने म्हणाले. "तुझा भार हलका व्हावा म्हणून चोरून पेले विसळत होती दोघं. मी घरचं-परकं बघत नाही, सूनबाई. दोघांना लाल कार्ड."

आई तशीच ओल्या हातांनी बाहेर धावली. समोरचं दार किलकिलं होतं आणि किल्ली कुलपातच लोंबत होती. डॉक्टरीणबाईंच्या घरात चिटपाखरू नव्हतं. पडदे ओढलेले, वर पंखा सावकाश फिरतोय आणि खाली गार फरशीवर तिची दोन्ही मुलं हातपाय पसरून पडलेली.

"काही आणायचंय का?" ताईने उठायची तयारी केली.

"नाही गं. मी आले तर चालेल तुमच्यात?"

धाकटा झोपेतच थोडा सरकला. आई दोघांच्या मध्ये आडवी झाली. मग ताईने तिच्या दंडावर डोकं ठेवलं आणि छताकडे बघत हळूच विचारलं, "आई, तिकडे मला झोप लागेल का गं?"

आईने नुसतं पोरीला जवळ ओढलं आणि ताईनेही, कित्येक महिन्यांनी, ओढू दिलं.

पलीकडे शिट्टी वाजली. मग पालकांच्या हाका सुरू झाल्या, आणि पाठोपाठ बेल.

"आई," ताई कुजबुजली, "आपल्या घराची बेल वाजतेय."

"वाजू दे," आई डोळे मिटून म्हणाली. "आपण घरी नाही."